घरातली बुरशी काढून घेण्याआधी: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाण्यापासून खाली रत्नागिरीपर्यंत घरातली बुरशी काढायची कामं करतो. जून ते ऑक्टोबर फोन थांबत नाही आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं वाचून तुम्हाला आम्हाला बोलवायची गरजच पडणार नाही. तेही चालेल.

भिंतीवर पांढरं फुललंय. ही बुरशीच ना?

निम्म्या वेळा नसते. बोटाने चोळून बघा. मिठासारखं कुरकुरीत लागलं आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर विरघळलं, तर तो लोणा. विटा, वाळू, सिमेंट यांतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बुरशी चोळली की पसरते, डाग धरते, मऊ लागते आणि तिला तो कुबट वास असतो. काळी, हिरवी, करडी, कधी गुलाबीसर अशी ती कुठल्याही रंगाची असू शकते. लोणा असेल तर बुरशीचं औषध मारून काही होत नाही. पण दोन्हींच्या मागे पाणीच असतं, त्यामुळे लोणा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

एवढी साफसफाई ठेवतो, तरी बुरशी येते कुठून?

हवेतून. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, तुमच्या घरात आणि आमच्याही. ते भिंतीवर बसतात आणि पाण्याची वाट बघतात. खायला त्यांना फार लागत नाही. रंग, प्लायवूड, कागद, धूळ, चामडं, काहीही पुरतं. एखादी वस्तू भिजली आणि २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तर बुरशी धरायला सुरुवात होते. घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती सहसा पसरत नाही. पण जुलैमध्ये मुंबईची हवाच ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून स्वच्छ घरातही कपाटामागे ती सापडते. गृहिणीच्या टापटिपीशी याचा संबंध नाही. हे वाक्य आम्हाला दर आठवड्याला एखाद्या सासूबाईंसमोर म्हणावं लागतं.

काळी बुरशी म्हणजे कोरोनाच्या वेळची तीच का?

नाही. २०२१ मध्ये ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते तो म्युकरमायकोसिस हा आजार होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा झालेल्या रुग्णांना तो प्रामुख्याने झाला. त्यातला काळेपणा बुरशीचा नव्हता, मेलेल्या पेशींचा होता. तुमच्या न्हाणीघराच्या छतावरचे काळे ठिपके बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा अॅस्परजिलस जातीचे असतात. रंगावरून जात ओळखता येत नाही. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये ज्या स्टॅकिबॉट्रिस नावाच्या बुरशीची भीती घालतात, तिला सतत भिजलेला कागद किंवा लाकूड लागतं. आपल्याकडे विटा-सिमेंटच्या भिंतीवर ती क्वचित, पण गळणाऱ्या जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर सापडू शकते, कारण त्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी कागद असतो.

मग तब्येतीला धोका नाही?

असं म्हटलेलं नाही. शिंका, नाक चोंदणं, डोळे चुरचुरणं, खोकला आणि दम्याचा त्रास वाढणं, हे ओल आणि बुरशीच्या घरात होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली तीही याच कारणासाठी. घरात दमेकरी, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर त्या माणसाने खोली साफ करायची नाही आणि साफ होत असताना घरात थांबायचंही नाही. बाकी निदान डॉक्टरांकडे. आमचा माणूस भिंत बघून तुमच्या खोकल्यावर बोलू लागला, तर त्याला चहा द्या आणि विषय बदला.

आमचं आम्ही साफ केलं तर चालेल का?

साधारण १० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे तीन फूट बाय तीन फुटांच्या आसपासचा डाग असेल आणि पाणी कुठून येतं हे कळलेलं असेल, तर खुशाल करा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल. पंखा बंद, दार बंद, खिडकी उघडी. कोरडं घासायचं नाही, तेवढ्याने सगळं हवेत उडतं. डिटर्जंटच्या पाण्याने भिजवून पुसायचं, फडकं पिशवीत घालून टाकून द्यायचं आणि जागा खणखणीत वाळवायची. टाइल, काच, स्टील यांवरची बुरशी एवढ्याने जाते.

डाग त्याहून मोठा असेल, सांडपाण्यामुळे आला असेल, एसीच्या आत असेल किंवा पुसल्यावर दोन महिन्यांत परत येत असेल, तर बोलवा.

ब्लीचने जाते असं ऐकलंय.

डाग जातो. टाइलवर ठीक आहे. प्लास्टर आणि लाकूड मात्र सच्छिद्र. त्यात ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि ब्लीच वरच राहतं, त्यामुळे भिंत पांढरी दिसते आणि मुळं आत ओली राहतात.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट: ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू होतो. डोंबिवलीच्या एका घरात आम्ही पोचलो तेव्हा बाई जिन्यात बसून खोकत होत्या. आधी एक मारलं, जाईना म्हणून दुसरं मारलं. तीन बाय पाचाचं न्हाणीघर, खिडकी नाही. त्या दिवशी बुरशीचं काम राहिलं बाजूला, आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो.

वरून चांगला बुरशीरोधक रंग मारला तर?

पेंटर हेच सांगणार, कारण त्याच्याकडे रंगच आहे. त्या रंगात बुरशी न वाढू देणारं रसायन असतं, हे खरं. कोरड्या, साफ भिंतीवर तो उपयोगी आहे, काही वर्षांत त्याचा असर ओसरतो. जिवंत बुरशीवर मारला तर मात्र पापुद्र्याखाली ती वाढत राहते आणि पुढच्या श्रावणात पोपडे धरून बाहेर येते. ऑइल पेंट, वॉलपेपर, प्लास्टिक इमल्शन यांची तर अजून पंचाईत. भिंतीला श्वास घेऊ देत नाहीत.

ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये एकाच भिंतीवर तीन दिवाळ्या तीन रंग झाले होते. आम्ही पटाशीने खरवडलं तर पिस्ता, पीच, पांढरा असे थर निघाले आणि प्रत्येक थराखाली काळी नक्षी. डाग वरून रुंद आणि खाली निमुळता होता, म्हणजे पाणी वरून येत होतं. वरच्या मजल्यावर गीझरला पाणी नेणारा भिंतीतला पाइप थेंब थेंब गळत होता. दुरुस्ती प्लंबरने अर्ध्या दिवसात केली.

तुम्ही आल्यावर नेमकं करता काय?

पहिला दिवस बघण्यात जातो. लोकांना वाटतं हे उगाच वेळ काढतायत, पण खरं काम तेच. ओलावा मोजायचं मीटर भिंतीवर फूट-फूट अंतराने टेकवून भिंतीचा नकाशा काढतो. डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरतं असं नसतं. गच्चीवरचं पाणी स्लॅबमधून आठ-दहा फूट सरकून भलत्याच खोलीत उतरतं. लाकडाचं रीडिंग १६ टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही सोडून देतो, २० टक्क्यांच्या वर असेल तर मागे बघतो.

पाणी बाहेरून झिरपतंय की घरातल्याच दमट हवेचं दव भिंतीवर धरतंय, असा संशय असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून २४ तास भिंतीला चिकटवतो. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर दव, भिंतीकडच्या बाजूला आले तर झिरपणं. हा प्रयोग तुम्हीही करू शकता, फुकट आहे. न्हाणीघराचा संशय असेल तर वरच्या मजल्यावर नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून रंगीत पाणी साठवून ठेवतो आणि खाली रंग उतरतो का ते बघतो.

स्रोत सापडला की आधी तो बंद. प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला, गवंडी, जो लागेल तो. मग खोली वेगळी करायची: दारावर जाड प्लास्टिक, कडांना टेप, एसीचं तोंड बंद, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा, म्हणजे खोलीतली हवा हॉलमध्ये न जाता बाहेर जाते. कामगार पूर्ण मास्क आणि अंगभर सूट घालतात. जुलैत त्या सुटात काय होतं ते सांगण्यासारखं नाही. दर चाळीस मिनिटांनी माणूस बदलावा लागतो.

त्यानंतर हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, तो पुढून ओढतो आणि मागून सगळ्या घरात उडवतो. कुजलेलं प्लास्टर, पुट्टी, फुगलेलं प्लाय दिसणाऱ्या डागाच्या फूटभर पलीकडपर्यंत काढतो, जागेवरच पिशव्यांत बांधतो आणि पिशव्या बाहेरून पुसून मगच लिफ्टमध्ये नेतो. उरलेला पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसायचा, पुन्हा व्हॅक्यूम, मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं मशीन. मीटर कोरडं दाखवेपर्यंत प्लास्टरला हात लावायचा नाही. बुरशीनाशक आम्ही वापरतो, पण शेवटी आणि थोडं.

मग नुसतं फॉगिंग करणारे स्वस्तात करतात ते?

धुराने बुरशी मेली असं धरून चाललं, तरी मेलेली बुरशी भिंतीवरच असते आणि मेलेल्या बीजाणूंचीही अॅलर्जी होते. काढावी लागते. ओझोन मशीनवाले येतात, त्यांच्यापासून लांबच राहा. बुरशी मरायला जेवढा ओझोन लागतो तेवढा माणसाच्या फुप्फुसालाही सोसत नाही.

लॅब टेस्ट करून घ्यायची का?

बहुतेक घरांत नको. बुरशी डोळ्यांना दिसतेय, वास येतोय, तर तिचं नाव कळून काम बदलत नाही. घरातल्या हवेत किती बीजाणू चालतील याचा सर्वमान्य आकडाही नाही. डॉक्टरांनी मागितली किंवा भांडण कोर्टात जाणार असेल, तर जरूर करा, पण जो टेस्ट करतो त्यालाच काढायचं काम देऊ नका. हे आमच्याही विरोधात जातं, माहीत आहे.

कपाटं, गाद्या, पुस्तकं, साड्या यांचं काय?

कापसाची गादी आतपर्यंत काळी पडली असेल तर टाका. पार्टिकल बोर्ड फुगला की त्याचं काही होत नाही. सागाचं कपाट मात्र वाचतं: पुसायचं, वाळवायचं, पॉलिश. आजीचं कपाट घाबरून भंगारात देऊ नका.

पैठणी आणि इतर रेशमी साड्या उघड्यावर, सावलीत, मऊ ब्रशने हलक्या हाताने झटका. कडक उन्हात टाकल्या तर रंग उतरेल. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, त्या किड्यांसाठी असतात. पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी पसरा आणि आधी वाळवा, पुसणं नंतर. ओलं पान पुसलं की डाग कागदात घुसतो. फोटोंच्या अल्बमची प्लास्टिकची पानं आधी सोडवा.

गावचं घर पावसाळाभर बंद असतं. गणपतीला उघडलं की सगळ्याला बुरा आलेला. उपाय?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वात जास्त येतो आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी येतो, तेव्हा आम्ही फारसं काही करू शकत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. घर जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा पाणी पितो आणि वाऱ्याबरोबर ते परत सोडतो. जुन्या माणसांनी त्याला चुन्याचा गिलावा दिला किंवा चिरा उघडा ठेवला, झडीच्या बाजूला झापं बांधली आणि घरात रोज चूल पेटवली. चुना अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहज धरत नाही. चुलीची ऊब आणि धूर कौलांपर्यंत जाऊन वासे कोरडे ठेवायचा. आता आपण तोच चिरा सिमेंटच्या गिलाव्यात आणि प्लास्टिक पेंटात बांधून टाकतो, चूल बंद, घर बंद, खिडक्या बंद. पाणी जोत्यातून वर चढतं आणि बाहेर पडायला वाट नाही. कमरेएवढ्या उंचीवर जी ओलीची रेघ दिसते ती हीच.

मे महिन्यात घर सोडताना पन्हाळी साफ करा, फुटकी कौलं बदला, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार काढा. कपाटांची दारं किलकिली ठेवा आणि कपाटं भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ओढा. फ्रिज रिकामा करून दार उघडं. गाद्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आतला ओलावा आतच राहतो. खाटेवर उभ्या करा. आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या. उघडीप पडली की दोन तास दारं-खिडक्या उघडायच्या, बस. आमच्या कुठल्याही मशीनपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

उघडायला गेलात की मास्क लावा, दोन्ही बाजूंची दारं उघडा, तासभर ओटीवर बसा. आणि आल्या आल्या पंखा लावू नका! पंख्याच्या पात्यांवर तीन महिन्यांची बुरशी बसलेली असते, एका बटणात ती माजघरभर होते. आधी पाती ओल्या फडक्याने पुसा.

वरच्या फ्लॅटमधून गळतंय. खर्च कुणाचा?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीतून येणारं पावसाचं पाणी, बाहेरचे सामायिक नळ आणि सांडपाण्याचे पाइप यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. न्हाणीघर, संडास, सिंक यांतली आतली गळती संबंधित सदनिकाधारकाने. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारलेत ते सेक्रेटरींकडून बघून घ्या. व्हॉट्सअॅपवर न लिहिता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमचा मीटरचा नकाशा आणि रंगीत पाण्याचे फोटो अर्जाला जोडता येतात. वरचे काका एकदा स्वतः खाली येऊन निळं पाणी टपकताना बघून गेले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

विम्यातून पैसे मिळतात का?

पॉलिसी वाचा. १ एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर, वादळ आणि पाण्याच्या टाक्या किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान येतं. वर्षानुवर्षं मुरत आलेली ओल त्यात धरत नाहीत. पाइप फुटला असेल तर काढण्याआधी फोटो काढा.

किती दिवस आणि किती पैसे?

एका खोलीचं काढायचं काम सहसा दोन-तीन दिवस. वाळण्याचं आमच्या हातात नाही. भिजलेल्या भिंतीला जाडीच्या दर इंचाला महिना असा ढोबळ हिशोब धरतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. नव्या सिमेंटच्या प्लास्टरला रंगाआधी सुमारे २८ दिवस द्यावे लागतात. म्हणजे "पुढच्या रविवारी साखरपुडा आहे" असं सांगितलंत, तर आम्ही डाग साफ करून देऊ, भिंत पूर्ण करून देणार नाही.

फोनवर चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आम्हीही सांगत नाही. कोटेशनमध्ये स्रोत शोधणं, खोली बंदिस्त करणं, राडारोडा उचलणं, वाळवणं आणि शेवटचं मीटर रीडिंग हे वेगवेगळं लिहिलेलं आहे का बघा. "बुरशी ट्रीटमेंट, एक रकमी" अशी एकच ओळ असेल तर तो स्प्रे मारून जाणार.

पावसाळ्यात काम करता येतं का?

आतलं, हो. उलट गळती तेव्हाच नीट दिसते. बाहेरच्या भिंती आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र नोव्हेंबर ते मे. मुंबईतून मान्सून साधारण ८ ऑक्टोबरला परततो, म्हणून आम्ही सांगतो: शोध पावसात, दुरुस्ती दिवाळीनंतर.

गॅरंटी देता का?

काढलेल्या जागेवर, ओलाव्याचा तोच स्रोत बंद राहिला तर एक वर्ष. नवीन पाइप फुटला, बंद खोलीत कपडे वाळत घातले, खिडकीला फर्निचर ठोकलं, तर नाही. "आजन्म गॅरंटी" देणारे आहेत, पण ते नेमकं कुणाच्या जन्माबद्दल बोलतायत ते आधी विचारून घ्या.

तुम्ही येण्याआधी आम्ही काय करून ठेवायचं?

काहीच पुसू नका. पाहुणे येणार म्हटल्यासारखं लोक भिंत घासून ठेवतात आणि आम्हाला डागाचा आकारच दिसत नाही. खोलीतला पंखा आणि एसी आदल्या रात्रीपासून बंद ठेवा, कपाट रिकामं करू नका, आम्ही मागून बघू. डाग पहिल्यांदा कधी दिसला, पावसात वाढतो की बारा महिने असतो, सकाळी अंघोळींच्या वेळी जास्त ओला होतो का, हे एका कागदावर लिहून ठेवा. आणि वरच्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवा की उद्या अकराला दोन माणसं तुमचं न्हाणीघर बघायला येतील.